विश्लेषण : वाघांच्या जिल्ह्यात मत्स्यगरुडाचा तलाव कोण राखणार?

ताडोबाच्या तलावाकाठी जिप्सी थांबते ती बहुतेक वेळा वाघासाठी. वाघ नसला तर मगर, मगर नसली तर पाण्यात उतरलेले सांबर. काठावरच्या उंच झाडाच्या आडव्या फांदीवर ताठ बसलेल्या, करड्या डोक्याच्या पक्ष्याकडे मार्गदर्शकाने बोट दाखवले, तर पर्यटक एक छायाचित्र काढतो आणि गाडी पुढे जाते. तो पक्षी मात्र तासभर तिथेच असतो. हा राखी डोक्याचा मत्स्यगरुड. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांची ओळख वाघ, बांबू, कोळसा आणि नक्षलवाद अशा शब्दांत बांधली गेली आहे. हा पक्षी त्या ओळखीत कुठेच नाही. तो जंगलावर जगतो तितकाच तलावावर जगतो आणि आपल्याकडे जंगलाचे खाते वेगळे, तलावाचे वेगळे, माशांचे त्याहून वेगळे. त्याच्या अडचणीचे मूळ या वाटणीत आहे.

मत्स्यगरुड आहे तरी कसा?

लांबी दोन ते अडीच फूट, वजन साधारण दीड ते पावणेतीन किलो, मादी नरापेक्षा मोठी. डोके आणि मान राखी, छाती तपकिरी, पोट व मांड्या पांढऱ्याशुभ्र आणि पांढऱ्या शेपटीच्या टोकाला रुंद काळा पट्टा. उडताना हा पट्टा दिसला की ओळख पक्की. इक्थिओफागा इक्थिएटस हे त्याचे शास्त्रीय नाव. जावा बेटावरून हॉर्सफिल्ड यांनी १८२१ मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. भारत, श्रीलंका आणि नेपाळपासून आग्नेय आशियापर्यंत तो आढळतो, पण विरळ आणि तुटक.

गरुड म्हटले की आकाशात उंच घिरट्या घालणारा पक्षी डोळ्यांसमोर येतो. हा तसा नाही. घिरट्या तो क्वचितच घालतो. पाण्यावर झुकलेली फांदी निवडायची, तिथे निश्चल बसायचे आणि मासा पृष्ठभागाजवळ आला की थोडक्या अंतराची झेप घेऊन पायांनी उचलायचा, अशी त्याची शिकार. हिवाळ्यात येणारा पाहुणा ऑस्प्रे हवेत थबकून पाण्यात सूर मारतो. मत्स्यगरुडाला ती कसरत जमत नाही आणि लागतही नाही. त्याच्या तळपायांवर काटेरी खवले असतात, नखे चांगलीच वाकडी असतात, त्यामुळे बुळबुळीत मासा निसटत नाही.

या शिकारीच्या पद्धतीतूनच त्याच्या गरजा ठरतात. पाणी संथ हवे, बऱ्यापैकी नितळ हवे आणि काठावर उंच, जुने झाड हवे. मासा वर यायला हवा, म्हणजे मरळ, मागूर, शिंगी यांच्यासारखे हवेतला श्वास घ्यायला पृष्ठभागावर येणारे देशी मासे त्याच्या सोयीचे. घरटेही पाण्याजवळच्या मोठ्या झाडावर, काटक्यांचे. तेच घरटे जोडी वर्षानुवर्षे वापरते आणि दरवर्षी त्यावर नवा थर चढवते. जुने घरटे माणूस आत बसेल एवढे होऊ शकते. ते पेलणारे झाड पाच-दहा वर्षांत वाढत नाही, हे वृक्षारोपणाचे आकडे वाचताना लक्षात ठेवलेले बरे.

‘संकटसमीप’ म्हणजे नेमके काय?

आययूसीएनच्या लाल यादीत हा पक्षी ‘संकटसमीप’ या वर्गात आहे. म्हणजे तो अजून औपचारिकरीत्या संकटग्रस्त नाही, पण परिस्थिती अशीच राहिली तर तिकडे जाण्याच्या वाटेवर आहे. याच भागात हिवाळ्यात दिसू शकणारे मोठा ठिपकेदार गरुड आणि स्टेप गरुड त्याच्या पुढच्या पायऱ्यांवर आहेत. पहिला ‘असुरक्षित’, दुसरा ‘संकटग्रस्त’. ते स्थलांतरित. त्यांचे जगणे-मरणे अर्धे मध्य आशियात ठरते. मत्स्यगरुड इथलाच रहिवासी, त्यामुळे त्याचे काय होणार हे ताडोबा, चिमूर, सिंदेवाही, आरमोरी, अहेरी अशा गावांच्या पाण्यावर ठरणार.

भारतातील वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे. वाघाला जे कायदेशीर कवच आहे तेच त्याला. पण कवच पक्ष्याला आहे, त्याच्या फांदीला नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात ९४२ प्रजातींचा आढावा घेतला गेला आणि ज्या ३३८ प्रजातींचा दीर्घकालीन कल काढता आला त्यांपैकी ६० टक्के घसरणीला लागलेल्या आढळल्या. शिकारी पक्षी घसरणाऱ्या गटांमध्ये ठळक होते. शिकारी पक्षी अन्नसाखळीच्या शेंड्यावर असतात. खाली पाण्यात जे बिघडते ते त्यांच्यात साचून वर दिसते. अमेरिकेत डीडीटीमुळे अंड्यांचे कवच पातळ होऊन बाल्ड ईगलच्या जोड्या १९६० च्या दशकात मुख्य भूमीवर पाचशेच्याही खाली आल्या होत्या. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली आणि तो पक्षी सावरला. तोही मासे खाणाराच गरुड.

तलावांशी नाते कसे जुळले?

पूर्व विदर्भाला तलावांचा प्रदेश म्हणतात ते उगीच नाही. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया आणि नागपूर जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. सरकारी कागदांत आणि बोलीतही त्यांचे नाव झाले ‘मामा तलाव’. गोंड राजांच्या काळात, अडीच-तीनशे वर्षांपूर्वीपासून, धानाच्या शेतीसाठी ते बांधले गेले. उताराचा अंदाज, पाळीची जागा, सांडवा यांचे ज्ञान असलेल्या कोहळी समाजाचा त्यात मोठा वाटा. वरच्या अंगाला जंगल, मधे तलाव, खाली धानाची बांधी अशी ही रचना. पाऊस जंगलातून झिरपत तलावात येतो, तिथून धानाला जातो. मासे धीवर आणि भोई समाजाचे. शिंगाडा, कमळकाकडी, देवधान यांच्यावर गावाचा हक्क.

मत्स्यगरुडाच्या गरजांची यादी आणि या तलावाची रचना शेजारी ठेवून पाहिली तर दोन्ही एकच निघतात: संथ पाणी, उथळ पाणवनस्पतींचा पट्टा, देशी मासे आणि जंगलाला लागलेला काठ. श्रीलंकेच्या कोरड्या भागात प्राचीन राजांनी बांधलेल्या सिंचन तलावांवर हाच पक्षी राहतो आणि तिथल्या जुन्या इंग्रजी पक्षीग्रंथांत त्याला ‘टँक ईगल’, म्हणजे तलावाचा गरुड, असेही म्हटले आहे. माणसाने धानासाठी केलेली सोय त्याने शेकडो वर्षे वापरली. ‘अस्पर्श निसर्ग’ वाचवायचा ही नेहमीची भाषा या पक्ष्याच्या बाबतीत अपुरी पडते.

ताडोबाचा सुमारे १२० हेक्टरचा तलाव १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यानात आला म्हणून टिकला. तिथे मासेमारी नाही, काठावरचे झाड तोडले जात नाही. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राला पाणी देणाऱ्या इरई धरणाचे पाणी व्याघ्र प्रकल्पाच्या कुशीत शिरलेले आहे. गडचिरोलीत चपराळा अभयारण्याजवळ वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी एकत्र येतात. नद्यांचे संथ डोह आणि काठचे जंगल या पक्ष्याला मानवते. पण नोंदी कुठून येतात? जिथे कॅमेरे जातात तिथून. ताडोबात दर हंगामात हजारो डोळे असतात, गडचिरोलीच्या आतल्या डोहांवर पक्षीनिरीक्षक पोहोचायला अनेक वर्षे परिस्थितीनेच मज्जाव केला. नोंद नाही म्हणजे पक्षी नाही असे समजून तिथले प्रकल्प मंजूर होणार असतील, तर तो शुद्ध आळस ठरेल. मारुती चितमपल्ली यांनी नवेगावबांधच्या मुक्कामात स्थानिक जाणकारांकडून पक्ष्यांची नावे आणि सवयी गोळा केल्या आणि पुढे पक्षिकोश सिद्ध केला. सर्वेक्षणाची ती रीत या भागाला आजही जास्त लागू पडते. डोहावर रोज जाल टाकणाऱ्याला गरुडाचे घरटे कुठे आहे हे ठाऊक असते. त्याला विचारायला कोणी जात नाही.

मग बिघडले काय?

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि १९५१ मध्ये तलाव सरकारजमा झाले. जमीनदारी जाणे न्याय्यच होते. पण तलावाची देखभाल करणारी गावातली व्यवस्थाही तिच्यासोबत गेली आणि तिची जागा घेणारे कोणी उभे राहिले नाही. मोठे तलाव पाटबंधारे विभागाकडे, १०० हेक्टरच्या आतली सिंचनक्षमता असलेले जिल्हा परिषदेकडे, मासे मत्स्यव्यवसाय विभागाकडे, वरचे जंगल वन विभागाकडे. पाळ फुटली की कोणाकडे जायचे, हे गावकऱ्यालाही दोनदा विचारावे लागते. गाळ साचत गेला. काठावर बेशरम माजली. गाळपेरात अतिक्रमण झाले. बांध्यांतली तणनाशके आणि कीटकनाशके पावसाबरोबर उताराने वाहू लागली.

त्यानंतर आले मत्स्यबीज. उत्पन्न वाढावे म्हणून रोहू, कटला, मृगळ आणि पुढे गवत्या व इतर परदेशी मासे सोडले गेले. गवत्या मासा पाणवनस्पती फस्त करतो. वनस्पती गेल्या की देशी माशांची अंडी घालायची जागा गेली. मरळ, मागूर, शिंगी हे ठेकेदाराच्या हिशेबात ‘मत्स्यबीज खाणारे’ म्हणून शत्रूच ठरले. गरुडाच्या नजरेने पाहिले तर तलावात मासे आहेत, पण श्वासासाठी पृष्ठभागावर येणारे देशी मासे कमी. ताट भरलेले आहे, हात पोहोचत नाही.

या सगळ्यावर वेळापत्रकाचा पेच आहे आणि त्याची चर्चा जवळजवळ होतच नाही. मत्स्यगरुडाचा विणीचा काळ साधारण नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत. धानाला शेवटचे पाणी ऑक्टोबरच्या सुमारास सुटते, मग तलाव आटत जातो आणि थोड्या पाण्यात मासे दाटतात. घरट्यातली पिल्ले नेमकी तेव्हाच वाढत असतात, म्हणजे निसर्गाने हिशेब बरोबर जुळवलेला. पण तलाव आटला की जाळी ओढणेही सोपे. त्यामुळे सगळ्यात जास्त मासेमारी, काठावरची सगळ्यात जास्त वर्दळ आणि उरल्यासुरल्या पाण्यावर पंप, हे सगळे त्याच आठवड्यांत येते. त्रास वाढला की जोडी घरटे सोडून देऊ शकते.

झाडांचेही तसेच. मातीच्या पाळीवरचे मोठे झाड मुळांनी पाळ पोखरते, म्हणून दुरुस्तीच्या वेळी ते काढायचे, हा अभियंत्याचा नियम त्याच्या जागी बरोबर आहे. पण तलावाच्या इतर काठांवर झाडे शिल्लक नसतील तर पाळीवरचे ते शेवटचे असते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना चांगली आणि शेतकऱ्याला हवीशीच. पण जेसीबी लावून तलावाचा कटोरा करून टाकला, सगळीकडे सारखी खोली आणि उभा काठ ठेवला, तर उथळ पट्टा नाहीसा होतो. गाळ निघतो आणि माशांची नर्सरीही निघून जाते.

मासेमारी हाच शत्रू आहे का?

असे म्हणणे सोपे आहे आणि चुकीचे. कंबोडियातल्या टोन्ले साप सरोवरावर प्रेक तोआल इथे या पक्ष्याची घनदाट वस्ती आहे. तिथे झालेल्या अभ्यासात असे दिसले की तो मोठ्या प्रमाणावर पाणसाप खातो आणि त्याच सरोवरातून मगरींच्या फार्मला खाद्य म्हणून पाणसाप प्रचंड संख्येने पकडले जातात. कारण व्यापारी होते, पोटापुरती मासेमारी नव्हे. आपल्याकडेही धीवराचे जाळे आणि मत्स्यगरुड शतकानुशतके एकाच पाण्यावर जगले. बारीक आसाची नायलॉन जाळी, विजेचा धक्का, पाण्यात विष, सुरुंग या गोष्टी अलीकडच्या. सुरुंग आणि विष तर १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहेत. अंमलबजावणीसाठी सव्वाशे वर्षे पुरेशी असायला हवी होती.

याच भागातला उलटा अनुभवही आहे. गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत मनीष राजनकर यांच्या ‘फीड’ या संस्थेने धीवर समाजासोबत तलावांवर काम केले. बेशरम उपटली, उथळ भागात पाणवनस्पती पुन्हा लावल्या, देशी माशांना जागा दिली. त्यात महिलांचा मोठा वाटा होता. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते, हे ज्ञान बाहेरून आणावे लागले नाही, गावातल्या जुन्या माणसांकडे होते. काम सुरू झाले ते उपजीविकेसाठी, पक्ष्यासाठी नव्हे. पण मासा परतला की मासा खाणारेही परततात.

कायदा काय सांगतो?

२०१७ च्या पाणथळ जागा नियमांत सिंचनासाठी खास बांधलेले मानवनिर्मित जलाशय व्याख्येतूनच वगळले आहेत. म्हणजे तीनशे वर्षांचा, कमळांनी भरलेला, जंगलाला लागलेला मामा तलाव कागदोपत्री पाणथळ जागा ठरत नाही. तो ‘सिंचन प्रकल्प’ आहे. २०२२ पर्यंत महाराष्ट्रातली नांदूरमध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी ही तीन स्थळे रामसर यादीत गेली. तलावांच्या या पट्ट्यातले त्यात एकही नाही. इरई धरणावर तरंगत्या सौर पॅनेलचा प्रस्ताव पुढे आला तेव्हाही पाण्याकडे पाहण्याची दृष्टी तीच होती: मोकळा पडलेला पृष्ठभाग. सौरऊर्जा हवीच, विशेषतः कोळशाने काळवंडलेल्या चंद्रपूरला. पण कोणत्या जलाशयाच्या कोणत्या भागावर, हा प्रश्न पक्ष्यांची गणना झाल्यावर विचारायचा असतो, निविदा निघाल्यावर नव्हे.

दुसरीकडे एक दार उघडे आहे आणि तिकडे फार कमी लोकांचे लक्ष गेले आहे. वनहक्क कायद्याचे कलम ३(१)(घ) पाणवठ्यांतील मासे आणि इतर उत्पादनांवरचा सामूहिक हक्क मान्य करते. गडचिरोली हा सामूहिक वनहक्कात देशात आघाडीवरचा जिल्हा. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्येच सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. त्यानंतर बांबू आणि तेंदूची चर्चा भरपूर झाली. मिळालेल्या हद्दीतले डोह आणि तलाव मात्र व्यवस्थापन आराखड्यांत एखाद्या ओळीत उरकले जातात. ग्रामसभेला हक्क आहे तर बारीक जाळ्याला मनाई, विणीच्या काळात घरट्याच्या झाडाखाली वर्दळबंदी आणि तलावाचा एक कोपरा राखीव, हे ठराव ती आजही करू शकते. त्यासाठी मुंबईहून अधिसूचना यावी लागत नाही.

काय करता येईल?

गिधाडांचे उदाहरण समोर आहे. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून पांढऱ्या पाठीची दहा गिधाडे ताडोबात आणली गेली. प्रजाती हातची गेल्यावर तिला परत आणायला पिंजरे, ट्रान्समीटर, तज्ज्ञ, पैसा आणि कित्येक वर्षे लागतात. मत्स्यगरुडाच्या बाबतीत ती वेळ आलेली नाही आणि आत्ता लागणारा खर्च तुलनेने नगण्य आहे. दोन्ही जिल्ह्यांतील जंगलाला लागून असलेल्या तलावांची आणि डोहांची एकदा हिवाळ्यात मोजणी, घरट्यांच्या झाडांवर वन विभागाचा क्रमांक आणि ते झाड वाचवणाऱ्या गावाला किंवा मच्छीमार संस्थेला मोबदला, एवढ्यापासून सुरुवात होते. गाळ काढण्याच्या अंदाजपत्रकात काठाचा उथळ पट्टा न खोदण्याची एक अट घालायला शासन निर्णयातील एक परिच्छेद पुरे. मासेमारीचा ठेका देताना मत्स्यबीजात देशी माशांचा वाटा ठरवणे हा मत्स्यव्यवसाय विभागाच्या हातातला विषय आहे.

अडचण पैशाची कमी, टेबलांची जास्त आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेरच्या तलावात मत्स्यगरुडाचे घरटे सापडले, तर वनरक्षक पंचनामा करील, पण तलाव जिल्हा परिषदेचा, ठेका मच्छीमार संस्थेचा, गाळाचे कंत्राट तिसऱ्याच विभागाचे. या चौघांना वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर आणि घरटी बांधायला सुरुवात होण्याआधी, एका टेबलाशी बसवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली १९८२ पर्यंत एकच जिल्हा होते. तलाव आणि नद्या अजूनही एकाच खोऱ्यातल्या आहेत. ही बैठक ऑक्टोबरमध्ये व्हायला हवी, कारण नोव्हेंबरात पहिली काटकी फांदीवर पडलेली असते.